पाठ मोडून घेणारा

अर्जुना सरगर माझ्याकडं कामाला लागला आणि तिसऱ्याच दिवशी त्यानं माझ्या लेथवाल्याचे दोन दात पाडले. कारण ऐकलंत तर हसाल. कुपवाडच्या माझ्या शेडमध्ये लोखंडी भीम जमिनीवर आडवा पडला होता, मुंडकं अजून बसवायचं होतं, आणि लेथवाला चहाचा कप घेऊन त्याला ओलांडून पलीकडं गेला. एवढंच. अर्जुनानं त्याची गचांडी धरली, भिंतीवर आपटलं आणि तोंडावर ठोसा ठेवून दिला. चहा सगळा माझ्या वायरिंगच्या कागदांवर.

"आडव्या माणसाला ओलांडत्यात व्हय रं?" तो दातओठ खात विचारत होता.

मी मध्ये पडलो. माझाही आवाज काही कमी नाही. "आरं, माणूस कुठाय त्यो? नुसत्या पट्ट्या हायत!"

"आज पट्ट्या हायत. उद्या भीम हुणार न्हवं?"

मी लेथवाल्याला दवाखान्यात नेलं आणि अर्जुनाला दुसऱ्या दिवशी परत कामावर घेतलं. लोक म्हणाले, बाळासो, साप पाळतोयस. म्हणेनात का. त्याच्यासारखा वेल्डर मला अख्ख्या कुपवाडात दुसरा मिळाला नव्हता. जतकडच्या मेंढपाळाचा पोर, सांगलीच्या तालमीत वाढलेला, मान म्हणजे बाभळीचा बुंधा. रागही तसाच होता, एकदा पेटला की विझायचं नाव नाही.

मी हलते देखावे करणारा माणूस. गणपतीत मंडळांच्या मांडवात रावण दहा तोंडं हलवतो, कालिया फणा काढतो, त्यातलं बरंचसं माझ्या शेडमधून जातं. हा भीम मात्र मंडळाचा नव्हता. लालासाहेब नावाच्या बागायतदारानं पेठ नाक्याच्या पुढं, महामार्गाला लागून असलेला उसाचा मळा मोडून तिथं उद्यान काढलं होतं. पाळणे, पाण्याच्या घसरगुंड्या आणि शनिवार-रविवारी दिवेलागणीनंतर भीम-बकासुराचा खेळ. अकरा फुटी भीम हलणार, त्याच्या हातात रबरी बकासुर मरणार, असं ठरलं होतं.

रबरी बकासुर तयारही झाला. अर्जुनानं त्याच्या पोटात बोट खुपसून बघितलं आणि तोंड वाकडं केलं.

"रबराची पाठ मोडून काय उपेग? मी हुतो की बकासुर."

लालासाहेबाला हे इतकं आवडलं, की त्यानं तिथल्या तिथं अर्जुनाच्या पाठीवर थाप मारली. मी नाही म्हणत होतो. यंत्र आणि माणूस एकत्र बांधू नये, हे मी वीस वर्षांत शिकलोय. पण माझं ऐकतो कोण?

खेळ असा होता. भीम एका गुडघ्यावर बसलेला. बकासुर गाडाभर भात खातो, शड्डू ठोकतो, भीमाला शिव्या देतो. मग भीमाचे हात खाली येतात, एक छातीवर, एक मांड्यांवर, आणि राक्षसाला गुडघ्यावर आडवा दाबतात. गुडघ्यावर स्पंजाची जाड गादी होती. हात ठरल्या जागी आले की त्यांना जोडलेली तार ओढली जायची आणि भीमाच्या घोट्यापाशी डबीत बसवलेलं स्विच मोटर बंद करायचं. त्याच वेळी मी पडद्याआडून बटण दाबायचो आणि भोंग्यातून कडकन आवाज यायचा. वाळका बांबू पायाखाली मोडून मीच तो रेकॉर्ड केला होता. अर्जुना जिवाच्या आकांतानं ओरडायचा, तोंडातून तांबडं पाणी सोडायचा आणि मान टाकायचा. पोरं बाकांवर उभी राहून ओरडायची, "मोड! मोड! पाठ मोड त्याची!" चांगल्या घरच्या बायकासुद्धा ओरडायच्या. माणसाला दुसऱ्याचं मरण फुकट बघायला मिळालं की काय चेव चढतो, ते मी पडद्याआडून दोन वर्षं पाहिलंय.

खेळ संपला, हात वर गेले, माणसं पांगली, तरी अर्जुना त्या गुडघ्यावरून उठायचा नाही. पडून राहायचा.

"घरला जायाचं न्हाई का रं?"

"थांबा वाईच."

मला वाटायचं दमला असेल. एकदा मी वैतागून दिवे बंद करायला लागलो, तेव्हा त्यानं तसंच पडल्या पडल्या सांगितलं.

नऊ वर्षांपूर्वी एका जत्रेच्या मैदानात त्याची कुस्ती शिराळ्याच्या शिवतेजशी लागली होती. दोघंही तेवीस-चोवीसचे. झटापटीत शिवतेज त्याच्या कानाशी म्हणाला, 'मेंढरं सोडून हितं कशाला आलास?' अर्जुनाचं डोकं फिरलं. मागून कमरेला विळखा घालून त्यानं शिवतेजला उचलला, आपटला, वर बसला आणि उलटा वाकवायला लागला. पंचानं शिट्टी वाजवली. परत वाजवली. तिसऱ्यांदा वाजवून पंचानं त्याच्या पाठीत लाथ घातली. अर्जुनानं सोडलं नाही.

"मला शिट्टी ऐकू आलती, बाळासो," तो म्हणाला. "लोक म्हणत्यात त्याला ऐकू आली नसंल. आलती. मग कड्ड झालं, तवा सोडला."

शिवतेज जगला, पण काठीला लागला. कुस्ती गेली, ठरलेलं लग्नही मोडलं. तेव्हापासून दर नागपंचमीला, सगळी गर्दी शिराळ्यात नागोबाच्या मागं असताना, हा शिवतेजच्या दारात जाऊन उभा राहायचा. शिवतेज दार लावून घ्यायचा. हा दाराला सांगायचा, "माफ कर," आणि परत यायचा. नऊ वर्षं, नऊ वेळा. अर्जुनाला जगात एकच गोष्ट हवी होती. ते दार उघडायला हवं होतं.

नवव्या वेळी त्यानं दाराला वेगळंच सांगितलं. "शिवतेज, दार उघडू नगंस. पर येत्या रयवारी साडेसातला उद्यानात ये. माझी पाठ मोडताना बघ." आणि फटीतून पास आत सरकवला.

"येड्या, हे काय बोलावणं झालं?" मी म्हणालो. "खोट्या पाठीनं त्याची खरी पाठ भरून येणार हाय का?"

"बघाय तरी मिळंल त्याला," अर्जुना म्हणाला.

आता मला माझं सांगायला हवं. कुपवाडात दर अवसेला यंत्रापुढं नारळ फुटतो. माझ्याही शेडमध्ये फुटतो, पण दाराच्या पायरीवर. वायरिंगच्या माणसाला पाण्याचं भय असतं. अर्जुनाला ते पटायचं नाही. "पायरीला दिलेलं भीमाला कसं पोचंल?" असं म्हणून तो उद्यानात दर अवसेला भीमाच्या लोखंडी अंगठ्यावरच नारळ आपटायचा, पाया पडायचा, मग कपाळाला माती लावायचा. आखाड्यात उतरायच्या आधी पैलवान करतात तसं. पाणी घोट्यापर्यंत उडायचं. पहिल्यांदा मी घसा फोडून ओरडलो. दुसऱ्यांदा फडकं घेऊन पुसलं. पुढं पुढं ओरडायचाही कंटाळा आला.

त्या रविवारच्या आदल्या दिवशी मला भीमाच्या घोट्यातून मुंग्यांची रांग जाताना दिसली. डबीच्या फटीतून आत, फटीतून बाहेर. नारळाचं पाणी गोड, तेव्हा मुंग्या येणारच. मी हसलो.

"अर्जुना, तुझ्या भीमाला साखर झाली रं!"

तोही हसला. दोन स्क्रू सोडवून डबी उघडली असती तर आतलं चिकट, गंजलेलं, मुंग्यांनी भरलेलं स्विच मला दिसलं असतं. पाच मिनिटांचं काम होतं. मी हसलो आणि चहाला गेलो. ते हसू आठवलं की आजही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते, आणि एकदा-दोनदा मारलीही आहे.

रविवारी शिवतेज आला. अर्जुनानं मला पडद्याच्या फटीतून दाखवला. पुढच्या रांगेत, काठी दोन गुडघ्यांमध्ये धरून, पाठ ताठ ठेवून बसलेला. चेहऱ्यावर काहीच नव्हतं.

"आला," अर्जुना म्हणाला. अवस नसताना त्यानं वाकून कपाळाला माती लावली.

खेळ सुरू झाला. अर्जुनानं भात उधळला, शड्डू ठोकला. भीमाचे हात खाली आले. पोरं बाकांवर चढली. "मोड! मोड!" मी मात्र भीमाकडं बघतच नव्हतो. मी शिवतेजचा चेहरा बघत होतो. नऊ वर्षं दार लावून बसलेला माणूस काय करतो, याची मला हाव सुटली होती. अंदाजानंच बटण दाबलं. भोंग्यातून कडकन आवाज आला.

अर्जुना ओरडला नाही. मला वाटलं, शिवतेज समोर बसलाय म्हणून याचं अवसान गळालं. मोटरची घरघर चालूच होती, तीही माझ्या ध्यानात आली नाही.

मग परत कड्ड झालं.

माणसं आनंदानं किंचाळली. फक्त शिवतेज उभा राहिला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"थांबवा!" तो ओरडला. "शिट्टी! आरं, कुणीतरी शिट्टी वाजवा! खरं मोडलंया त्ये!"

मी लाल बटणावर मूठ आपटली. मोटर थांबली, पण हात तिथंच राहिले. वर न्यायचं बटण दाबलं, पण ताणानं मोटर जळून गेली होती. तो गिअरच तसा असतो, मोटर बंद झाली तरी धरलेली जागा सोडत नाही. मी पाना घेऊन रंगमंचावर धावलो. अर्जुनाचे डोळे उघडे होते, तोंड उघडं होतं, छाती इतकी दाबली गेली होती की आवाजाला वाटच नव्हती. हनुवटीवरून ओघळत होतं ते रंगाचं पाणी नव्हतं. त्याची बोटं गादी ओरबाडत होती. स्पंजाचे तुकडे खाली पडत होते.

छातीवरच्या हाताच्या कोपरात चार बोल्ट होते. पण हाताचा सगळा भार त्यांच्यावर आलेला, पाना फिरेना. आणि लोक टाळ्या वाजवत होते. मागून कुणीतरी ओरडलं, "मिस्त्री पण आहे का खेळात?"

शिवतेज कसा वर चढला ते मला माहीत नाही. काठी खालीच पडली होती. तो भीमाच्या हाताखाली शिरला, खांदा लावला, पाय फाकून रोवले आणि उठायला लागला. त्याच्या तोंडातून जनावरासारखा आवाज येत होता. मानेच्या शिरा तट्ट फुगल्या.

"सोडव!" तो दातांतून म्हणाला. "लवकर सोडव, भडव्या, माझीबी जातीया!"

भार बोटभर हलला. पहिला बोल्ट फिरला, दुसरा, तिसरा. चौथ्याला माझ्या तळहाताची साल निघाली. हात कोपरातून सुटला आणि धाडदिशी बाजूला आपटला. अर्जुनानं जो श्वास घेतला तो मी मरेपर्यंत विसरणार नाही.

तेवढ्यात लालासाहेब माईक घेऊन आला. "मंडळी, घाबरू नका, हा खेळाचाच भाग..."

मी हातातला पाना त्याच्यावर उगारला. त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि माईक खाली टाकला. बरं झालं टाकला. नाहीतर मी त्याचं डोकं फोडलं असतं, आणि चूक माझी असताना फोडलं असतं.

मिरजेच्या दवाखान्यात अर्जुनाचं ऑपरेशन झालं. एक मणका, चार फासळ्या. डॉक्टर म्हणाले चालेल, पण काठीशिवाय चालेल असं कुणी म्हणालं नाही. मी रोज जात होतो. डबी न उघडल्याचं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. म्हटलं, शिव्या दे, बरा झालास की दात पाड. तो छताकडं बघत म्हणाला, "नारळ म्याच फोडला न्हवं?"

चौथ्या दिवशी शिवतेज आला. कमरेला पट्टा होता आणि एकेका पावलाला थांबत होता. भीमाचा हात उचलल्यापासून त्याचंही दुखणं वाढलं होतं. मी स्टूल पुढं केलं. तो बसला नाही.

"मी तुझ्यासाठी वरडलो न्हाई," तो म्हणाला. "त्यो आवाज मला पुन्यांदा ऐकवला न्हाई. एवढंच सांगाय आलो."

मला वाटलं, आता अर्जुना 'माफ कर' म्हणणार. नऊ वर्षं तेच म्हणत आला होता. श्वास घेतला की त्याच्या फासळ्या दुखत होत्या, ते दिसत होतं.

"शिवतेज," तो शेवटी म्हणाला, "रातचं झोप लागती का रं तुला?"

एवढ्या वर्षांत हे शिवतेजला कुणी विचारलं होतं की नाही कोण जाणे. दारातून अर्जुनानं तरी कधी विचारलं नव्हतं.

"न्हाई," शिवतेज म्हणाला. "कुशीवर वळलं की कळ येती. पार टाचंपातूर."

"कुठल्या कुशीवर?"

"डाव्या."

"माझीबी डावीच," अर्जुना म्हणाला, आणि एवढा मोठा पैलवान रडायला लागला. रडलं की फासळ्या दुखायच्या, दुखलं की आणखी रडायचा.

शिवतेजनं स्टूल पायानं ओढलं आणि सावकाश बसला. मग वाकून खाटेच्या कडेची उशी घेतली.

"गुडघ्याखाली ठिव ही," तो म्हणाला. "आसं न्हवं. वाईच वर."

अर्जुनाला ते जमेना, तेव्हा शिवतेजनं स्वतःच त्याचा गुडघा उचलला आणि उशी नीट लावून दिली.