आरशात राहिलेला फोटो

रविवारी सकाळी परळला आईकडे गेले होते. तिथे जे डोकं फिरलं ते अजून ठिकाणावर आलेलं नाही, म्हणून हे लिहितेय... थोडं कडू लागेल. सांभाळून घ्या, नाहीतर नका घेऊ.

आईचं घर विकायला काढलंय. चौथा मजला, लिफ्ट नाही. तीस वर्षं नर्स म्हणून वॉर्डभर धावलेली बाई, आणि आता गुडघे इतके गेलेत की चार महिन्यांत दोनदाच खाली उतरली. दोन्ही वेळा डॉक्टरकडे. कल्याणला माझ्याच बिल्डिंगमध्ये लिफ्टवाला फ्लॅट बघून ठेवलाय, पण हे घर गेल्याशिवाय तो घेता येत नाही.

घर छान आहे हो... हवेशीर, स्टेशन जवळ, पाण्याची कटकट नाही. सहा महिने साइटवर जाहिरात होती. लोक यायचे, खिडक्या उघडून बघायचे, किचनचं कौतुक करायचे. मग हॉलमध्ये टेकले की नजर भिंतीवर जायची. तिथे निळ्या कोटातला मोठा फोटो आहे, कोणाचा ते तुम्हाला सांगायला नको. खाली शोकेसवर बुद्धमूर्ती.

मग हळूच प्रश्न यायचा, तुम्ही मूळचे कुठले? मी गावाचं नाव सांगायचे. नाही, म्हणजे... आडनाव काय म्हणालात? कांबळे म्हटलं की चहा अर्धाच राहायचा. घरी विचारून कळवतो म्हणायचे आणि जायचे. एकानेही कळवलं नाही. सरळ जात विचारायची हिंमत नाही, पण ती कळल्याशिवाय चहाही घशाखाली उतरत नाही.

आमचा ब्रोकर प्रशांत. मागच्या आठवड्यात म्हणाला, जाहिरात शिळी झाली, किती महिने पडून आहे ते सगळ्यांना दिसतं. ही काढून टाकू, नव्याने लावू, म्हणजे घर आजच बाजारात आल्यासारखं वाटेल. फोटोही जरा साफ करून घेतो म्हणाला. मला वाटलं, उजेडबिजेड वाढवणार असेल... मी म्हटलं, करा.

शुक्रवारी नवी जाहिरात लागली. दोन दिवसांत पाच फोन! रविवारी मी मोठ्या आनंदाने मोबाइल आईसमोर धरला. पहिलाच फोटो हॉलचा... आणि भिंत कोरी. फोटो नाही, खिळासुद्धा नाही. दाराच्या फोटोतली नावाची पाटी गायब.

बुद्धमूर्ती मात्र जागच्या जागी. का, तर ती शोपीस म्हणून चालते. मिलच्या जागेवर उभ्या राहिलेल्या टॉवर्सच्या लॉबीत जाऊन बघा, माणसाएवढे बुद्ध बसवलेत, समोर कारंजं सोडलंय. त्यांना कोणी विचारत नाही, मूळचे कुठले म्हणून.

मी तिथल्या तिथे प्रशांतला फोन लावला. तो शांतच. "मॅडम, मी पर्सनली असलं काही मानत नाही. पण घर विकायचंय ना तुम्हाला? पाच फोन आले की नाही?"

पुढे मी त्याला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. मानत नाही म्हणे! मानत नाहीस तर पुसलंस कशाला? खरं तर तो एकटाच नाही. न मानणाऱ्यांची ही एवढी मोठी रांग आहे, आणि तरी आमचं घर सहा महिने पडून आहे.

पण एक गोष्ट कबूल करायची आहे. फोन ठेवला आणि माझं लक्ष आईच्या गुडघ्याला गुंडाळलेल्या क्रेप बँडेजकडे गेलं... आणि मिनिटभर वाटलं, राहू दे. व्यवहार होऊन जाऊ दे, नंतर कोण बघतंय? हे माझ्या मनात आलं याचा मला प्रशांतपेक्षा जास्त राग आलाय.

आई तोवर माझा मोबाइल घेऊन बसली होती. चष्मा कपाळावर चढवून, बोटांनी फोटो मोठा करत. मग मला जवळ बोलावलं.

"हे बघ. इथे राहिलेत."

बाजूच्या भिंतीला आमचं जुनं लोखंडी कपाट आहे, आरसावालं. त्या आरशात... छोटासा, तिरका, पण स्वच्छ दिसत होता. निळा कोट, चष्मा, सगळं. भिंत पुसणारा आरसा पुसायला विसरला होता. आई खळखळून हसली. मला मात्र रडू आलं, रागाचं.

मग म्हणाली, "ही जाहिरात काढ. परत लाव. आणि या वेळी फोटोत मलाही घे."

मी गुडघ्यांचा विषय काढला. फोन बंद होतील गं, अजून किती महिने अशी वर अडकून राहणार?

"वॉर्डात माझ्या हातून इंजेक्शन घेताना कुणी मूळची कुठली विचारलं नाही. गुडघे माझे आहेत. थांबतील ते."

तिने पांढरी साडी नेसली, केस विंचरले आणि फोटोखाली खुर्ची ओढून ताठ बसली. मी मोबाइलवरच काढला. काचेवर ट्यूबलाइट चमकलीय, फ्रेम जरा वाकडी आलीय... तसाच ठेवलाय. संध्याकाळी प्रशांतची जाहिरात काढायला लावली आणि माझी मी लावली. पहिला फोटो आईचा, दुसरा दाराचा, पाटीसकट.

आज गुरुवार. एकही फोन नाही. आई रोज फोन करून विचारते, मी रोज नाही म्हणते, आणि ती पेपर वाचायचाय म्हणून फोन ठेवते.

तुमच्या ओळखीत कोणी परळला घर शोधत असेल तर जरूर पाठवा. चार मजले चढावे लागतील. आई चहा करेल, तो पूर्ण प्यावा लागेल. आणि दारावर पाटी आहे... ती नीट वाचा, मगच बेल वाजवा.