उभं राहून मोजलेलं बीपी

पारूबाई स्टुलावरून उठल्या आणि सरळ माझ्या टेबलावर आदळल्या. सिस्टरनं धरलं म्हणून कपाळ वाचलं. मिनिटभर आडव्या झाल्या, मग डोळे उघडून म्हणाल्या, "घाबरू नका मॅडम. हे रोजचंच हाय."

मी बीडच्या एका एआरटी सेंटरवर मेडिकल ऑफिसर आहे. एचआयव्हीची रोजची औषधं जिथं मिळतात, ते एआरटी सेंटर. पारूबाई चकलांब्याकडच्या, मेंढरं राखणाऱ्या. नवरा ह्याच आजारानं गेला. ह्यांनी मात्र गोळी कधी चुकवली नाही. व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूंचं प्रमाण, टेस्टमध्ये दिसतही नव्हतं.

सोबत आलेल्या दिरानं निकाल आधीच लावला होता. "मॅडम, गोळ्यांची गरमी चढली. बंद करा. वहिनी घरात बसत्याल, मेंढरं मी बघतो."

पारूबाई पडल्या जागेवरून बोलल्या, "भावजी, ह्या गोळ्यांवर मी जगले. आन् मेंढरं माझी हायत. तुमी कावून बघणार?"

मी सेंटरच्या प्रमुख सरांना सांगितलं. त्यांनी मान वर केली नाही. "वीकनेस असेल. जुना पेशंट आहे, असं होणारच. आपलं काम एआरटी देण्याचं."

"सर, पेशंट मी अर्धा तपासत नाही."

पारूबाईंना झोपवून बीपी घेतलं. दीडशेच्या वर. उभं करून पुन्हा घेतलं. नव्वद. नाडी होती तेवढीच.

इथंच गोम होती. आपण उभे राहतो तेव्हा रक्त पायांकडं उतरतं. काही नसा आपल्याला न विचारता लगेच काम करतात: रक्तवाहिन्या आवळतात, हृदयाचा वेग वाढवतात. ही ऑटोनॉमिक नर्व्हस सिस्टिम. एचआयव्हीनं कधीकधी ह्या नसाही दुखावतात. विषाणू औषधानं दबला तरी झालेली इजा पुरती भरून येतेच असं नाही. मधुमेहानंही असं होतं, म्हणून शुगर तपासली. ती नॉर्मल होती.

त्यात गावातल्या डॉक्टरांनी त्यांना बीपीची गोळी लावून दिली होती. झोपवून मोजलं, जास्त दिसलं, दिली. उभं करून कुणी बघितलंच नव्हतं.

ही बीपीची गोळी बंद करण्याआधी हृदय बघायला हवं होतं. म्हणून इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. ओपीडी संपवून मीच त्यांना शहरातल्या एका सेंटरवर घेऊन गेले. तिथल्या डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं.

"मॅडम, ह्यांना सगळ्यात शेवटी घेऊ. नंतर मशीन साफ करावी लागते."

"बाकीच्या पेशंटनंतर साफ करत नाही?"

"करतो ना."

"मग ह्यांच्यानंतरही तेवढीच करा. नंबर आलाय त्यांचा."

"बाहेरच्यांना कळलं तर?"

"सांगणार कोण? तुम्ही? तो गुन्हा आहे, डॉक्टर."

बाकावर बसलेल्या पारूबाईंनी आमच्याकडं बघून हाक दिली, "काय हो मॅडम, न्हाई म्हणतेत का? मी जात न्हाई हितनं." आणि पदर खोचून बाकावरच मांडी घातली.

नंबराप्रमाणं इको झाला. हृदय ठणठणीत होतं.

बीपीची गोळी बंद केली. पाणी भरपूर प्यायचं, झोपेत बीपी चढू नये म्हणून खाटेची डोक्याकडची बाजू विटांवर उचलायची, उठताना आधी काठावर बसायचं. पायांत घट्ट मोजे सुचवले, तर हसल्या. "ह्या उन्हात? मेंढरं बी हासतील." मग पोटाला घट्ट पट्टा बांधायचं ठरलं. त्यानंही रक्त खाली साचत नाही. तो त्यांना पटला.

पुढच्या वेळी आल्या त्या एकट्याच. चक्कर अधूनमधून येतेच. त्या नसा मी बऱ्या केलेल्या नाहीत. पण पडणं थांबलंय, एआरटी चालू आहे, आणि मेंढरांमागं त्याच जातात. दीर रागावलाय म्हणे.

"ऱ्हाऊ द्या रागावलेला," त्या म्हणाल्या. "तेला काय चक्कर येत न्हाई."

आमच्या सेंटरवर आता चक्करेच्या प्रत्येक पेशंटचं बीपी उभं करूनही घेतात. सर म्हणतात, वेळ जातो. जातो खरा. पेशंट पडला की त्याहून जास्त जातो.