गोड बोलणाऱ्या पावण्याची चौकशी

बनामावशी शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत वाळूचे साचे करायची. घरी आली की हातपाय धुऊन थेट टीव्हीपुढं. दोन हजार तीन साली एक खुनाची मालिका लागायची. त्यातला खुनी दिसायला देखणा आणि बोलायला साखर. तो पडद्यावर यायच्या आधी मावशी पदर सारखा करायची.

"मावशी, सात बाया मारल्यात त्यानं," मी म्हणायचो.

"मारंना. इचारतोय कसं, 'जेवलात का आपण?' आमच्या मुकादमानं इचारलंय कधी?"

त्याला शोधणारी बाई तर तिला त्याहून आवडायची. ती बाई संशयिताच्या चपला हुंगायची, मध्येच फिसकन हसायची, कुणाच्या बापाला भ्यायची नाही. "बाईनं आसंच ऱ्हावं," मावशी म्हणायची.

मग मावशीच्या श्रुतीला बघायला प्रसेनजीत आईला घेऊन आला. मूळचा आमच्याच भागातला, शाहूवाडीकडचा, आता पुण्यात बँकेत. श्रुतीनं तो फोटोतच पसंत केलेला. दारात वाकून म्हणाला, "सविनय जयभीम, काकू. आपली तब्येत बरी ना?"

मावशीनं मला कोपऱ्यात ओढलं. "ह्यो 'आपली' म्हणतोय! टीव्हीत बघायला बरा रं, हितं पोरगी द्यायची हाय." आणि खरंच बाहेर जाऊन त्याच्या चपला उलट्यापालट्या करून आली.

जेवताना तिनं त्याच्या ताटात हिरव्या मिरच्यांचा खर्डा वाढला.

"तिखट हाय काय?"

"छे छे, अगदी छान."

पुन्हा वाढला, परत वाढला. त्याचे कान लाल, डोळ्यांतनं धारा, तरी "उत्तम झालाय, काकू." मावशीचा चेहरा आणखी कडक. तोंड जळताना जो छान म्हणतो, त्याच्या पोटात काय असंल, याचा काय नेम? आतल्या दारात श्रुती आईकडं डोळे वटारून उभी. चौथ्यांदा चमचा पुढं आला, तसा प्रसेनजीतनं ताटावर हातच आडवा धरला.

"बास की ओ मावशी! तोंडाची भट्टी झाली माझ्या! पाणी तर द्या!"

त्याच्या आईनं कपाळाला हात लावला.

"आत्ता कसं!" मावशी खुलली. "शाहूवाडीचाच हाय की ह्यो. माझ्याकडनं व्हय."

"मला कुणी इचारलं?" म्हणत श्रुतीनं पाण्याचा तांब्या त्याच्यापुढं आदळला. "पावणं, आमची आई ही आशी हाय. जलमभर जमंल काय?"

त्यानं आधी अख्खा तांब्या रिकामा केला.

"खर्डा सोडून सगळं जमंल."

श्रुती आत गेली आणि साखरेचा डबाच घेऊन आली.