विमला काकीचा पहिला पेपर

कॉलेजात पहिला बाक मी नेहमीच टाळतो, पण त्या वर्षी सबळ कारण होतं. पहिल्या बाकावर आमची काकी बसली होती.

विमला काकी म्हणजे माझ्या बाबांच्या चुलतभावाची, सगुण काकाची बायको. पार्सेत आमची घरं पाठीला पाठ लावून आहेत. तिच्याकडे बांगडा तळला की आमच्याकडे भात जास्त लागतो. वय सेहेचाळीस. मुलगी सुविधा लग्न होऊन डिचोलीला गेलेली, मुलगा सर्वेश विमानतळावर सामान चढवायच्या कामाला. काकी बारावी चांगल्या मार्कांनी पास झाली होती, पण त्याच मे महिन्यात चांगलं स्थळ आलं आणि कॉलेज राहिलं. चांगलं स्थळ म्हणजे सगुण काका. हे मी म्हणत नाही, काकीच म्हणते. फक्त 'चांगलं' म्हणताना जरा थांबते.

सुविधाचं लग्न झालं, घरातली कामं अर्ध्यावर आली, तेव्हा काकीने पेडण्याच्या कॉलेजात बीएला नाव घातलं. काकाने विरोध केला नाही. त्याचं पशुखाद्याचं दुकान आहे. गिऱ्हाइकाला उधारी नाकारायची नसते, मुदत घालायची असते, हे त्याला पक्कं ठाऊक. अंगणात उभं राहून, वाड्यावर सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने तो म्हणाला, "एक सेमिस्टर बघूया. पास झालंस तर फुडे. एका विषयात जरी रवलंस, तर गप घरात बसायचा."

"बसतंय," काकी म्हणाली.

मला तिने वेगळी ताकीद दिली. "वर्गात माका काकी म्हणू नको हां, गौरेश."

"मग काय म्हणू?"

"काय म्हणूच नको."

तेव्हापासून वर्गात मी तिला 'ओ' म्हणून हाक मारायचो. त्याचा काही उपयोग झाला नाही. आठवड्याभरात सगळा वर्ग तिला काकी म्हणायला लागला. इतिहासाचे सर तिच्याहून बरेच लहान. हजेरीला ती उभी राहून 'हजर' म्हणायची, तेव्हा सरही खुर्चीतून अर्धवट उठायचे. सगळी मुलं हसायची. काकी हसायची नाही. ती खाली बसून पदर सारखा करायची आणि सर जे बोलतील ते सगळं लिहून घ्यायची. ते मध्येच म्हणाले, "पंखा जरा कमी करा," तर तेसुद्धा.

घरी तिचा अभ्यास स्वयंपाकघरातल्या जनेलात, म्हणजे खिडकीत, चालायचा. चुलीवर डाळ, जनेलाच्या फळीवर पुस्तक. शेजारची रुक्मिणी काकी, म्हणजे तिची जाऊ, परसातून ओरडायची, "वयनी, पदेर येवन गेलो गो! पाव घेवक विसरल्यास. लेक्चर चल्ला हां?"

"चल्ला. तू पण ये ऐकूक."

"माका नको बाय. माझो घोव शिकलेल्या बायलेक भियेता."

अशी चेष्टा रोज चालायची आणि त्यात वाईट काही नव्हतं. पण नोव्हेंबर जवळ आला तशी काकी बारीक दिसायला लागली. इंग्रजी तिला जड जात होतं. मोबाईलवर करायचे प्रकल्प मी करून द्यायचो, वाईट करायचो, आणि तिला त्यात माझ्यापेक्षा जास्त मार्क मिळायचे. "सर भितात तुका," मी म्हणायचो. ती म्हणायची, "परीक्षेत सर नसतले रे. परीक्षेत पेपर आसतलो."

परीक्षेला दोन दिवस राहिले आणि लाटंबार्सेत रामचंद्र आजो वारला.

हा आमच्या भाऊबंदांतला. काजूच्या भाटावरून, म्हणजे बागेवरून, त्याचं आणि पार्सेवाल्यांचं फाटलं, त्याला इतकी वर्षं झाली की भांडण नेमकं कोणी सुरू केलं हे दोन्हीकडच्यांना सांगता येत नव्हतं. तो आजारी आहे हेही आम्हाला माहीत नव्हतं. बोलणं तुटतं, जेवणखाण तुटतं, सुतक मात्र तुटत नाही. बाराव्यापर्यंत सगळ्या घराण्याला सुतक.

संध्याकाळी गोकुळदास आजोच्या अंगणात सगळे जमले. आजो घराण्यातला सगळ्यांत वडील माणूस. कदेल, म्हणजे खुर्ची, टाकून बसला की निवाडा होणार हे कुत्र्यांनाही कळतं. कोणी काय करायचं, काय नाही, हे ठरत होतं. प्रवीण दादा सरकारी कचेरीत कारकून. त्याने विचारायच्या आधीच आजो म्हणाला, "नोकरीक सुतक नाय. जा." सर्वेशची विमानतळावरची ड्युटी. "ड्युटीक सुतक नाय." सगुण काकाचं दुकान. "लोकांची ढोरां उपाशी मारतलंस? उघड." मग माझ्याकडे बोट. "ह्याची परीक्षा आसा मरे? शिकणाऱ्या पोरां-भुरग्यांक सुतक नाय. जा, बरो लिही."

आमच्या घराण्यात सुतक लागतं सगळ्यांना सारखं. सुटतं मात्र ज्याच्या त्याच्या सोयीने.

दाराच्या आडून काकी म्हणाली, "मग माका पण परीक्षा आसा."

मग कोणीतरी फिसकन हसलं आणि त्यामागून सगळेच.

"तू भुरगा गो?" आजोने विचारलं.

"शिकतंय. माका रोल नंबर आसा."

"रोल नंबर आसा, खरा. पण तू थोरली सून आसस. सुतकातली सून गावची शीम ओलांडना. माझ्या आवयन ओलांडूक नाय, बायलेन ओलांडूक नाय."

काकीने सगुण काकाकडे पाहिलं. काका अंगणातल्या शेणाच्या सारवणाला कुठे भेग गेली आहे ते बघत होता.

"आजोबा, आता परीक्षेक बसलंय नाय तर कायमची रवलंय," ती म्हणाली. आवाज चढवला नव्हता, पण हसणारे थांबले.

गोकुळदास आजो म्हातारा आहे, पण वेडा नाही. सरळ नाही म्हटलं तर उद्या नातसुना भांडतील, हो म्हटलं तर परवा त्याही सुतकात बाहेर पडायला मागतील. त्याने अडकित्ता खाली ठेवला आणि गोड आवाजात म्हणाला, "मी कोण गो अडवणारो? जावचा आसा तर जा. फक्त शिमेर राखणो आसा, ताका सांगून जा."

सगळ्यांनी माना हलवल्या. मलाही वाटलं, सुटला प्रश्न. रात्री काकीच्या जनेलात उजेड होता आणि ती मोठ्याने पाठ करत होती.

पहिल्या पेपरच्या सकाळी ती मागच्या दाराने बाहेर आली. साधं पातळ, खांद्याला पिशवी. सगुण काका ओट्यावर बसला होता. जा म्हणाला नाही, राहा म्हणाला नाही. काकी माझ्या स्कूटरवर मागे बसली.

"इंग्रजीच पयलो कित्याक ठेवतात रे?" तिने वाटेत विचारलं.

"उरलेले पेपर सोपे वाटूक."

ती हसली. त्या सकाळी ती खरंच हसली.

गावची शीम वळणावर आहे. तिथे किंदळीच्या झाडाखाली एक चिऱ्याचा दगड, पुढे विड्या, काड्यापेट्या, नारळाची शकलं. तोच राखणो, वाटेने जाणाऱ्या-येणाऱ्याची राखण करणारा. गेल्या पावसात याच वळणावर सर्वेशची बाईक घसरली होती. मागून खनिजाचा ट्रक येत होता. तो कसा थांबला हे ट्रकवाल्यालाही सांगता आलं नाही. सर्वेशचं फक्त कोपर सोललं. तेव्हापासून दर अमावास्येला काकी इथे विड्या ठेवते आणि कापूर लावते.

"थांबय," ती म्हणाली.

मी थांबवली. ती उतरली, दोन पावलं दगडाकडे गेली आणि तिथेच थबकली. मी घड्याळ बघितलं. ती पुढे जाईना, मागे येईना.

"सांग आणि चल गो, काकी."

"सांगू कशी? सुतक आसा नाय माका?"

मला कळायला वेळ लागला. तिला दोन दिवस कळलं नव्हतं, कारण दोन्ही रात्री ती इंग्रजी पाठ करत होती. सुतकात देवासमोर उभं राहायचं नसतं. राखण्याला सांगितल्याशिवाय शीम ओलांडायची नाही, आणि सुतक फिटल्याशिवाय राखण्याला सांगता येत नाही. गोकुळदास आजोने तिला अडवलं नव्हतं. त्याने नुसती वाट दाखवली होती.

"मनातल्या मनात सांग," मी म्हटलं.

"मनातला कळता तर लोक इतक्यो विड्यो कित्याक ठेवतात?"

"मी पण सुतकातच आसंय. मी जातंयच मरे?"

"तुका सोडलो. माका सोडूक नाय."

"काकी, तो दगड आसा." मी हे जरा हळूच म्हणालो, कारण दगड फार लांब नव्हता.

ती रागावली नाही. रस्त्याकडे बघत म्हणाली, "सर्वेश आज दोनांक सुटता. ह्याच वाटेन येतलो."

मी पुष्कळ हुशार उत्तरं देतो, पण ती सगळी स्वतःच्या जिवावर देतो. दुसऱ्याच्या मुलाच्या जिवावर द्यायची हिंमत झाली नाही.

"तू जा," ती म्हणाली. "तुका उशीर जातलो. येताना प्रश्नपत्रिका हाड."

स्कूटरच्या आरशात मला ती परत चालत जाताना दिसली. घाई नव्हती. पिशवी तिने पदराखाली घेतली होती.

परीक्षेच्या खोलीत तिची जागा माझ्या पुढे होती. पर्यवेक्षक बाईंनी तिच्या बाकावर उत्तरपत्रिका ठेवली, अर्ध्या तासाने उचलली. बाकीच्या पेपरांना त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली, आणि त्यांनी ती ठेवलीच नाही. सुतक सगळ्या पेपरांना पुरून उरलं.

इंग्रजीची प्रश्नपत्रिका मी तिला त्याच दुपारी नेऊन दिली होती. मागच्या पायरीवर बसून तिने ती सबंध वाचली, मागची बाजूसुद्धा. सर्वेश आत जेवत होता, भात मागत होता.

"पास झाले असते," ती म्हणाली. "बरे मार्क नाय पडले असते. पण पास." मग उठून भात वाढायला गेली.

बाराव्याला सगळं घराणं लाटंबार्सेत जेवलं. पंगतीत गोकुळदास आजोने सर्वांसमोर तिचं कौतुक केलं. "शाणी आमची सून. अडवची लागूक नाय." काकीने त्याच्या पानात आणखी खतखतं वाढलं. सगुण काकाने खाली मान घालून जेवण संपवलं. अट त्याने परत बोलून दाखवली नाही. उलट घरी येताना म्हणाला, "फुडल्या वर्सा बघूया, विमला." काकाला मी ओळखतो. दुकानातही तो हे याच आवाजात म्हणतो, आणि तो माल कधीच येत नाही.

कॉलेजात चौकशी करून मी तिला सांगायला गेलो. राहिलेल्या पेपरांची परत परीक्षा असते. फॉर्म मी भरतो, सही तेवढी कर. ती परसात धुणं वाळत घालत होती.

"परत कधी?"

"पुढच्या सेमिस्टराबरोबर."

तिने एक चादर झटकली, दोरीवर टाकली, टोकं जुळवली. पलीकडे गोकुळदास आजो ओट्यावर खोकत होता. बराच वेळ खोकला, मग थुंकला.

"आमच्या भाऊबंदात म्हातारे खूप रे, गौरेश," काकी म्हणाली आणि बादलीतलं पुढचं लुगडं पिळायला वाकली.

आजो अजून ठणठणीत आहे. फॉर्म भरायची तारीख गेली.