कॅप्टनचं वय

पांढुर्ण्यातला आमचा झेरॉक्सवाला पृथ्वी सोडून निघालेल्या एका यानाची चित्रकथा काढायचा आणि दुकानातच छापून विकायचा. यानाची कॅप्टन त्याच्या मुलीच्या चेहऱ्याची होती. ती मुलगी माझ्या लेकीच्या वर्गात होती. बाराव्या वर्षी तापाने गेली.

छपाई थांबली. वर्षभराने चित्रकथा मोबाइलवर सुरू झाली, दर सोमवारी एक पान. तो बोलताना कुणाकडे बघत नसे. मशीनची काच पुसत राही.

"कॅप्टन मोठी दिसते आता," मी एकदा म्हणाले.

"वय वाढवून राहिलो, ताई. दर वाढदिवसाले एक वर्ष."

यंदा कॅप्टनला एकोणिसावं लागलं. "आता जमून नाही राहिलं," तो म्हणाला. "एवढी मोठी पोरगी घरात पाहिलीच नाही. तुमच्या पोरीचा फोटो भेटन का?"

मन धजत नव्हतं, तरी लेकीला विचारून दिला. सोमवारच्या पानावर मान, खांदे, केस बांधायची पद्धत, सगळं माझ्या लेकीचं होतं. तिने ते बराच वेळ पाहिलं.

"हसणं तिचंच ठेवलंय," एवढंच म्हणाली, आणि त्या दिवशी जेवली नाही.

परवा त्याने पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघितलं. "पुढच्या साली बी फोटो लागन, ताई."

मी हो म्हणाले. लेकीला अजून सांगितलेलं नाही.