यादीतलं बारावं नाव

अतींद्रिय वगैरे गोष्टींच्या वाटेला मी कधी गेले नाही. मी ख्रिस्ती आहे, रोज प्रार्थना करते. आणि भूलतज्ज्ञ असल्यामुळे पेशंटला झोपवण्याआधी चेकलिस्ट दोनदा वाचते. या दोन गोष्टी माझ्या आयुष्यात एकमेकींच्या आड कधी आल्या नाहीत. तेव्हा हे मी घाबरून लिहीत नाहीये... संतापून लिहितेय.

आमची ख्रिस्ती डॉक्टरांची फेलोशिप आहे. माणगाव, तळा, अलिबाग मिळून आम्ही सहा जण. महिन्यातून एकदा एखाद्या गावात मोफत तपासणी शिबिर घेतो. आमची एक पद्धत आहे — ज्याला ज्या पेशंटची काळजी वाटते, त्याने ते नाव आदल्या दिवशी मला कळवायचं. मी नंबर घालून यादी करते. शिबिराआधी थोरात सर, म्हणजे आमच्यातले ज्येष्ठ फिजिशियन, ती मोठ्याने वाचतात आणि सगळे मिळून प्रार्थना करतो.

गेल्या हिवाळ्यात रेवसजवळच्या एका कोळीवाड्यात शाळेच्या हॉलमध्ये शिबिर होतं. यादीत अकरा नावं होती. सरांनी बारा वाचली. शेवटचं — "चांगुणा".

शेजारी बसलेली आमची डेंटिस्ट रूथ कुजबुजली, "ताई, ही कोणाची पेशंट?"

"माझ्या यादीत नाही."

"तुमच्या यादीत नाही म्हणजे ती जन्मालाच आली नसणार!"

प्रार्थना संपल्यावर मी सरांना विचारलं. "शेवटी लिहिलं होतं की," म्हणत त्यांनी कागद पुढे केला. कागदावर अकराच नावं. सरांनी तो उलटून पाहिला, मग खांदे उडवले. "चला मॅडम, बाहेर लाईन लागलीय."

साडेबाराला शिबिर बंद करून आम्ही एक गीत गातो, मग ग्रुप फोटो. सगळे तिकडे जमत होते आणि मी केसपेपर गोळा करत होते. एरवी मी कागद फक्त मोजते, वाचत नाही. हा वाचला, कारण वर नाव होतं — चांगुणा. वय चोपन्न. नोंदणीच्या टेबलावर लिहून घेतलेल्या तक्रारी: छातीत जळजळ, घाम, डावा हात जड. खाली सरांच्या अक्षरात ॲसिडिटीची गोळी. बस्स.

"सर, ही बाई कुठे आहे?"

"जळजळवाली ना? गेली, लाँच गाठायची होती तिला. मी प्रार्थना केली तिच्यासाठी."

"आणि ईसीजी?"

"मशीन गाडीच्या डिकीत होतं हो. सगळे फोटोसाठी खोळंबलेत, या लवकर."

म्हणजे सकाळी जिचं नाव स्वतःच्या तोंडून वाचलं, दुपारी तिच्याच डोक्यावर हात ठेवून, डोळे मिटून सर प्रार्थना करत होते. डोळे मिटल्यावर घाम कसा दिसणार?

मी चपला हातात घेऊन जेट्टीकडे पळाले. मुंबईला, भाऊच्या धक्क्याला जाणारी लाँच लागलेली होती. ती सुटली असती तर पुढचा तासभर भर समुद्रात ना डॉक्टर, ना औषध.

"चांगुणाबाई कोण?" मी ओरडले.

पायरीवर छाती धरून बसलेली बाई म्हणाली, "मी हाय. आता काय र्‍हायला? गोली दिली ना डागदरानं!"

तिला रिक्षात घालून परत आणलं आणि शाळेच्या बाकावर ईसीजी काढला. हार्ट अटॅक. हाताशी होती ती औषधं दिली, ॲम्ब्युलन्सने अलिबागला, तिथून मुंबईला. वाचली.

पुढच्या महिन्यात फेलोशिपच्या बैठकीत सर साक्ष द्यायला, म्हणजे देवाने काय केलं ते सगळ्यांपुढे सांगायला, उभे राहिले. डोळ्यांत पाणी. "प्रभूने माझ्या मुखातून तिचं नाव वदवलं!" सगळे "हालेलुया" म्हणाले.

मी उभी राहिले. "सर, ईसीजी केला नाही, तेही सांगा."

"मॅडम, देवाच्या गौरवाच्या वेळी चुका काढू नका. क्षमा करायला शिका."

"क्षमा मागितली कोणी? दर रविवारी पापांची कबुली देतो ना आपण? मग ही का नाही?"

कोणीतरी घाईघाईने पुढचं गीत सुरू केलं. रूथ तेवढी गायली नाही.

नंतर मी चांगुणाबाईंना भेटायला गेले. त्या अंगणात सुके बोंबील निवडत होत्या. मी सगळं सांगितलं, चुकीसकट. त्या बराच वेळ हसल्या. मग म्हणाल्या, "तुमच्या देवाला माजं नाव ठावं, न् तुमच्या डागदरानं मान वर करून माज्याकडं बघितलं बी न्हाय!"

नाव कुठून आलं, मला माहीत नाही. मी प्रत्येकाला विचारलंय, कोणीही ते दिलं नव्हतं. थोरात सर त्या गावात पूर्वी कधी गेलेले नव्हते, त्या बाईंनीही त्यांना आधी पाहिलं नव्हतं. ऐकताना माझी चूक झाली म्हणावं, तर रूथनेही ऐकलंय. प्रभूने सांगितलं असेल तर ते तिला तपासण्यासाठी सांगितलं — टाळ्यांसाठी नाही.

ती यादी मी जपून ठेवली आहे. अकरा नावांखाली मी फक्त '१२' घातलंय. पुढे नाव सरांनी स्वतःच्या हाताने लिहायचं आणि त्यापुढे 'ईसीजी केला नाही' असंही. दर महिन्याला मी तो कागद आणि पेन त्यांच्यापुढे ठेवते.

ओळ अजून कोरी आहे.