पाली ते आंजर्ले, पोरीला कडेवर घेऊन

सकाळी सातची रत्नागिरी गाडी पालीच्या स्टँडवर पावणेआठला आली आणि कंडक्टर उलट माझ्यावरच खेकसला, "चढा हो बाई लवकर, उशीर होतोय!" माझ्या कडेवर तीन वर्षांची सुमी होती. हातातल्या पिशवीत नर्सिंगचं नवंकोरं सर्टिफिकेट, दोन पांढऱ्या साड्या, सुमीचे चार फ्रॉक आणि आईने बांधून दिलेल्या तांदळाच्या भाकऱ्या. खिडकीजवळ एक गृहस्थ धोतर पसरून दोन माणसांच्या जागेत बसले होते. लेकुरवाळी बाई दिसताच त्यांना गाढ झोप लागली. मी हातखंब्यापर्यंत उभी राहिले.

लोक प्रवासाला जातात ते देव बघायला नाहीतर समुद्र बघायला. मी नोकरी बघायला निघाले होते. सुमी वर्षाची असताना तिला माहेरी आईकडे ठेवून मी कोल्हापूरला कोर्सला गेले. दोन वर्षांत सगळ्या सुट्ट्या मिळून तिच्याजवळ महिना दीड महिना राहिले असेन. नवरा मुंबईत, गावातल्याच सहा जणांबरोबर एका खोलीत. आम्ही दोघी तिथे गेलो असतो तर सुमीला भांड्यांच्या फळीवर झोपवावं लागलं असतं. तेव्हा मी ठरवलं होतं की नोकरी करीन ती पोरीला जवळ ठेवून. पुन्हा तिला सोडून जायचं असेल तर सर्टिफिकेट चुलीत घालीन. हे मी घरात मोठ्या तोंडाने जाहीर केलं होतं. वडील दम्याने बेजार, गोठ्यात गाय, शेतात भात, त्यामुळे आईला घर सोडून माझ्याबरोबर येणं शक्यच नव्हतं. माझं भाषण चालू असताना ती सुमीच्या डोक्याला तेल लावत होती. 

दिवाळी होऊन गेली होती. कापणी संपून खळ्यांजवळ उडव्या (पेंढ्यांच्या रचलेल्या राशी) उभ्या होत्या आणि कातळावरचं (जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावरचं) गवत सोनेरी झालं होतं. फार सुंदर दिसत होतं. सुमी मात्र दर मैलाला एकच प्रश्न विचारत होती, "आजी कुठाय?" मी तिला गवत दाखवलं, बैल दाखवले. तिने ते बघितले आणि पुन्हा विचारलं.

रत्नागिरीत पहिली चौकशी एका खाजगी प्रसूतिगृहात. डॉक्टर सर्टिफिकेट वाचत होते आणि त्यांच्या बाई मला वाचत होत्या.

"तुला उकडीचे मोदक येतात का गं?" बाईंनी विचारलं.

"टाके घालता येतात," मी म्हटलं.

"ते हे घालतात. पेशंटांचे डबे आपल्याच स्वयंपाकघरातून जातात, म्हणून विचारलं. आधीची सिस्टर छान करायची हो मोदक. लग्न करून गेली मेली."

पेशंट चार, डॉक्टरांच्या घरची माणसं नऊ, हे मला स्वयंपाकघराच्या दारातूनच कळलं. मग डॉक्टरांनी चष्मा काढला. "मुलगी कोण सांभाळणार?"

"मी."

"आणि पेशंट?"

"तेही मीच."

डॉक्टर असे हसले की जणू मी नाटकातलं वाक्य म्हटलं. मग फार मोठ्या मनाने म्हणाले, "मुलीला गावी ठेवा आणि सोमवारपासून या." भिंतीवर बाळाला दूध पाजणाऱ्या आईचं रंगीत चित्र होतं. त्याच्या खालीच बसून ते हे सांगत होते आणि त्यांना त्यात काही वावगं वाटत नव्हतं. मी नमस्कार करून निघाले. बाईंनी सुमीच्या हातावर एक बिस्किट ठेवलं, तेही मऊ पडलेलं.

रात्र चुलतबहिणीकडे काढून दुसऱ्या दिवशी लोट्याला निघालो. चिपळूण सोडून गाडी परशुरामच्या घाटाला लागली आणि सुमीने माझ्या पांढऱ्या साडीवर सगळी भाकरी ओकली. मी तिला आडवी केली, पाठ चोळली, पुस्तकात लिहिलेलं सगळं केलं. ती आणखी ओकली. पलीकडच्या बाकावर गुडघ्यात टोपली धरून बसलेली म्हातारी बघत होती.

"आडवी कशाला घालतेस गो तिला? उभी धर, फुडं बगू दे. आनि ह्या आमसूल दे चोखायला."

"मी नर्स आहे," मी जरा ताठ्यानेच म्हटलं.

"असशील. पन आमसूल दे."

दिलं. दोन वळणांत पोरगी शांत झाली. म्हातारीने मला पुन्हा काही सुनावलं नाही, याचा मला जास्तच राग आला.

लोट्याला उतरल्यावर आधी वास येतो आणि मग कारखाने दिसतात. पाळी सुटलेल्या कामगारांनी कंपनीच्या बसगाड्या भरल्या होत्या. सगळे बसल्या बसल्या पेंगत होते. एका कंपनीच्या दवाखान्यात नर्सची जागा होती. दवाखाना म्हणजे एक खाट, एक वजनकाटा आणि सुरक्षिततेच्या सूचनांचे सात फलक. अधिकाऱ्यांच्या टेबलावर त्यांचं पिवळं हेल्मेट होतं. त्यावर ओरखडाही नव्हता, इतकं ते टेबलावर सुखात राहत असावं.

"मिस्टरांचं पत्र आणलंय?" त्यांनी विचारलं.

"कसलं पत्र?"

"तुमच्या नोकरीला त्यांची हरकत नाही, असं."

"त्यांना नोकरीला ठेवताना माझं पत्र कुणी मागितलं नव्हतं."

साहेबांनी ते ऐकलंच नाही असं दाखवलं. मग त्यांचं लक्ष सुमीकडे गेलं. ती वजनकाट्यावर चढली होती आणि काटा हलतो म्हणून खिदळत होती. साहेबांनी मला समजावून सांगितलं की नर्सची खोली एकटीसाठी असते, पाळ्या बदलत्या असतात आणि कंपनीच्या आवारात मूल आणणं नियमात बसत नाही. जागा तुम्हालाच देतो, पण मुलीची सोय करून या. सोय! रत्नागिरीत काय, लोट्यात काय, पुरुषांच्या पोरांची सोय आपोआप झालेली असते. ती कोण करतं, हे त्यांनी कधी वळून बघितलेलं नसतं. वजनकाट्यावर सुमी अकरा किलो भरली. त्या दवाखान्यात त्या दिवशी झालेली तपासणी तेवढीच.

खेडला कोर्सची एक मैत्रीण होती. तिने सांगितलं, आंजर्ल्याच्या अलीकडे-पलीकडे कुठेतरी एका मोहल्ल्यात आखातात गेलेल्या लोकांनी दवाखाना बांधलाय. दापोलीहून डॉक्टर आठवड्यातून दोनदा येतो, पण बायका पुरुष डॉक्टरपुढे बोलत नाहीत आणि तिथे जाऊन राहायला नर्स मिळत नाही. मी मनात म्हटलं, तिथे आणखी कसली पत्रं मागतात ते बघू.

दापोलीवरून हर्णैला उतरलो तेव्हा किनाऱ्यावर मासळीचा लिलाव चालला होता. सुमीने माझा पदर घट्ट धरला. खाडीवर होडीत बसलो. एक सायकल, दोन बकऱ्या, अकरा माणसं आणि आम्ही. होडीवाल्याने सांगितलं, "हलू नका." बकऱ्यांनी ऐकलं, माणसांनी ऐकलं नाही. समोर डोंगरावर गणपतीचं देऊळ पांढरंशुभ्र दिसत होतं आणि खाली माडांची रांग. उतरताना गुडघाभर पाण्यात पाय ठेवावा लागला आणि माझी उरलेली एकुलती एक स्वच्छ साडीही कामातून गेली.

मोहल्ल्यातली घरं चिऱ्यांची, जुनी, दारांना मात्र नवे रंग. मला ज्या घरात नेलं त्या घरच्या कर्त्या बाई म्हणजे अमीना चाची. त्यांचे तिन्ही मुलगे आखातात. कपाटावर दुबईहून आलेला टेपरेकॉर्डर त्याच्या प्लास्टिकच्या पिशवीसकट ठेवलेला होता. आठ-दहा बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी सर्टिफिकेट पुढे केलं. चाचींनी ते हातात घेतलं, पालथं करून बघितलं आणि परत दिलं.

"कागद आमाला वाचता येत नाय, बाय. पोर वाचता येतं. पोरगी तुजीच ना गो?"

"माझीच."

"आन इकडं."

आणि मग जी तपासणी झाली तशी माझ्या कोर्सच्या परीक्षेतही झाली नव्हती. एकीने सुमीचे केस वेगळे करून उवा बघितल्या. दुसरीने तोंड उघडून दात मोजले. नखं, कानामागचा भाग, काखा, पोट. चाचींनी तिच्या मांड्या दाबून बघितल्या. मला आतून हसू येत होतं. बाजारात म्हैस बघतात तसं हे लोक नर्स निवडतात, असं मी मैत्रिणीला सांगायचंही ठरवून टाकलं. शेवटी एकीने सुमीच्या तोंडात सांदणाचा (तांदळाच्या वाफवलेल्या गोड वडीचा) मोठा तुकडा भरला आणि चाची वळल्या.

"पोर लोन्यासारखं ठेवलंय. अंगावर फोड नाय, डोक्यात घान नाय. कुनी वाढवलं गो हिला?"

आतापर्यंत सगळ्यांनी विचारलं होतं, पोरीला कोण सांभाळणार. त्याचं उत्तर मी छाती पुढे काढून देत आले होते. ही बाई उलटं विचारत होती, आजवर कोणी सांभाळली. रत्नागिरीच्या डॉक्टरांना आणि लोट्याच्या साहेबांना माझी मुलगी म्हणजे अडचण वाटली होती. इथे तिचंच अंग बघून मला नोकरी मिळत होती, आणि त्या अंगाची निगा माझ्या हातची नव्हती. ते तेल आईचं, ती नखं आईने कापलेली, ते अकरा किलो आईच्या पेजेचे.

सुमीचं तोंड सांदणाने भरलेलं होतं म्हणून ती काही बोलली नाही.

"मीच," मी म्हटलं.

"मंग बस झालं," चाची म्हणाल्या. "दवाखान्यामागं खोली हाय. पोरगी तुज्याजवळ र्‍हाईल. तू कामात असलीस तर आमच्या पोरांत खेळंल. आयतवारी ये."

इतकं सोपं. मला हवं होतं ते सगळं एका वाक्यात मिळालं आणि त्यासाठी मला एकच शब्द बोलावा लागला. परतताना होडीतल्या सगळ्यांनी डोंगरावरच्या गणपतीला हात जोडले. मला ते जमलं नाही.

पालीला उतरून घरी पोचलो ती दुपार होती. सुमी फाटकातूनच "आजी, आजी" करत धावली आणि आईच्या कुशीत शिरली. मी पडवीत बसून सगळं सांगितलं. डॉक्टरांच्या मोदकांवर वडील खोकला येईपर्यंत हसले, हेल्मेटवरही हसले. नोकरी मिळाल्याचं ऐकल्यावर आई उठली आणि फळीवरून सुमीचे कपडे काढायला लागली. घडी घालता घालता ती बोलत होती आणि मी, पास झालेली नर्स, वहीत लिहून घेत होते. कान दुखला तर ती कान धरत नाही, मान वाकडी करते. भात मऊ असला तर खाते, पण वर ताक घातलं तर ताट सारते. झोपताना तिच्या पायाचा अंगठा कुणीतरी धरून ठेवावा लागतो. यातलं एकही मला माहीत नव्हतं.

मग आईने विचारलं, "तितल्या बायांनी इचारलं नाय, हिला वाढवली कोनी?"

"विचारलं."

"मंग तू काय सांगलंस?"

वडिलांनी माझ्याकडे बघितलं. चार दिवस मी ज्याच्या-त्याच्या खोटेपणाला नावं ठेवत आले होते. "मी म्हटलं, मीच."

 आईने हातातल्या फ्रॉकची घडी पुरी केली आणि पिशवीत ठेवली. "बरा केलंस," ती म्हणाली. "खरा सांगतीस तर नोकरी कोन देनार व्हता?"

तिने सुमीला उचललं, माझ्या मांडीवर ठेवलं आणि ती मागच्या दाराने परसात गेली. सुमीने आधी वाट बघितली, मग तोंड वाकडं केलं आणि मग भोकाड पसरलं. आजी, आजी. दार अर्धं उघडं होतं. त्याच्या फटीतून मला आईच्या लुगड्याचा काठ दिसत होता. ती विहिरीवर गेली नव्हती, गोठ्यातही गेली नव्हती. ती दाराआड उभी राहून ऐकत होती.

आता हसायचं कुणाला, ते मला कळेना. आखातातल्या पैशांनी बांधलेल्या दवाखान्यात माझी नोकरी पक्की होती, खोली होती, पोरगी जवळ राहणार होती. माझ्या मांडीवरून सुटायला बघणारं मूल नक्की कसं धरतात, तेवढं मला येत नव्हतं. सुमी हातपाय झाडत होती, तिची नखं मला लागत होती. आई आत आली नाही, आणि मी सुमीला सोडलं नाही.